चर्चच्या समूहात घरातलं खरं किती सांगावं?

तुम्ही लिहिलंय की वसईतल्या तुमच्या समूहात रोझरीनंतर (माळेच्या प्रार्थनेनंतर) नवऱ्याच्या दारूबद्दल बोललात आणि रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर तिघींनी तेच विचारलं. यापुढे गप्प बसावं का?

गप्प बसू नका. पण इतकं आतलं बोलायची ती जागा नव्हे. रोझरीला अख्खी आळी जमते, त्यात सासरची माणसंही आली. गोष्ट फुटते ती बहुतेक वेळा चांगुलपणातूनच. अंगणात चहा घेता घेता कुणी म्हणतं, "तिच्या घरासाठी एक नमो मारिया म्हणा हं." ऐकणारी विचारते, "का गं, काय झालं?" या 'का गं'ला उत्तर द्यायचं नाही, एवढं समूहात एकदा मोठ्याने ठरवून घ्या. तोवर तिथे "घरी अडचण आहे, प्रार्थना करा" इतकंच पुरे.

सविस्तर बोलायला दोघी पुष्कळ झाल्या. निवडण्याआधी महिनाभर ऐका. दुसरीचं तुमच्याकडे आणणारी बाई तुमचंही तिसरीकडे नेणार. सांगण्याआधी स्पष्ट विचारा, "हे तुझ्या नवऱ्यालाही सांगायचं नाही, जमेल?" नवऱ्याला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं नव्हे, असं बायका धरूनच चालतात आणि तिथूनच गळती लागते. सल्ला नको असेल तर तेही आधीच सांगा.

फादरांच्या बाबतीत एक फरक नीट समजून घ्या. कन्फेशनमधलं, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देताना सांगितलेलं गुपित कॅथलिक चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (नियम) ९८३ प्रमाणे अभेद्य असतं, आणि पुढच्या नियमाप्रमाणे तिथे कळलेली गोष्ट तुम्हाला अडचणीत आणेल अशा रीतीने वापरायलाही फादरांना बंदी आहे. म्हणून नंतर ते आपणहून तो विषय काढत नाहीत. "सांगूनही फादरांनी काहीच केलं नाही" अशी तक्रार होते ती यामुळेच. मदत हवी असेल तर वेळ मागून ऑफिसात पुन्हा सांगा. शिवाय कन्फेशन आपल्या पापांचं असतं, नवऱ्याच्या नव्हे.

जिने पसरवलं तिच्याशी आधी एकटीनेच बोला. बायबलातल्या मत्तय १८:१५-१७ मधला क्रमच तसा आहे: आधी दोघांत, मग एक-दोन साक्षीदार, शेवटी मंडळी. आपल्याकडे उलटं होतं, मंडळीला आधी कळतं आणि तिला सगळ्यात शेवटी. "मी तुझ्या भरवशावर बोलले होते, ते बाहेर गेलं, मला फार लागलं," एवढंच म्हणा. मग थांबा, तिला बोलू द्या.

दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या बैठका असतात. तिथे फक्त पहिलं नाव सांगतात आणि तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही असा नियमच आहे. हे ओझं उतरवायला आळीपेक्षा ती जागा बरी.

मारहाण होत असेल तर मात्र गुपित पाळत बसू नका. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. मुलांना त्रास होत असेल तर १०९८.