वाचकांचे प्रश्न : मिरचीचं माहेर

प्रश्न : माझी आई नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जाते. मी अकरावीत आहे. सर म्हणाले, मिरची मूळची आपली नाही, मेक्सिकोची. घरी सांगितलं तर आईला ते पटतच नाही. एवढ्या लांबच्या देशाशी आपला मिरचीपलीकडे काही संबंध आला का?
– एक विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : पोरी, सरांनी खरं तेच सांगितलं. मिरची मेक्सिकोतली, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी कालवणाला तिखटपणा यायचा तो मिऱ्यांचा आणि पिंपळीचा. मिरचीला नावसुद्धा आपण मिऱ्यावरूनच दिलं. शहाद्याच्या शिवारातली पपई आणि साक्रीकडचा मका, यांचंही माहेर तिकडचंच.

आईला याची दुसरी बाजूही सांग. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं फिलिपिन्समधलं मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश जहाजं ये-जा करत होती. आपल्या मुलखातला आंबा त्या वाटेनं मेक्सिकोला पोचला. तिथल्या एका आंब्याला अजूनही 'मनिला' म्हणतात. चिंचेला तिथे 'तामारिंदो' म्हणतात. तो शब्द अरबीतल्या 'तमर हिंदी'वरून, म्हणजे हिंदचा खजूर. तुम्ही शाळेबाहेर कैरीला तिखटमीठ लावून खाता ना? मेक्सिकोतली पोरंही आंब्यावर तिखट भुरभुरवून खातात, आणि तिखट लावलेल्या चिंचेच्या गोळ्याही.

त्याच जहाजांतून माणसंही गेली, आणि सगळी राजीखुशीनं गेली नाहीत. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून मिर्रा नावाच्या एका मुलीला समुद्री चाच्यांनी पळवलं, मनिलात विकलं आणि मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात नेलं. तिथे तिचं नाव कातारिना दे सान हुआन झालं. १६८८ मध्ये ती त्याच शहरात वारली तेव्हा लोक तिला संत मानत होते. तिला घरी परतता आलं नाही. दोन देशांच्या देवाणघेवाणीबद्दल बोलताना मी हिचं नाव कधी गाळत नाही.

आता एका मराठी माणसाबद्दल. पांडुरंग खानखोजे, १८८४ चा जन्म, वर्ध्याचे. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकता शिकता इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीत पडले, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशी येण्याची वाट बंद झाली आणि १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठलं. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मक्याच्या आणि गव्हाच्या जाती सुधारल्या, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या तिथल्या थोर चित्रकारानं सरकारी शिक्षण खात्याच्या भिंतीवर जेवणाच्या मेजाभोवती बसलेली माणसं रंगवली, त्यात भाकर वाटणारे खानखोजे आहेत. मी शेतीची पदविका घेतली, पस्तीस वर्षं कृषी खात्यात गावोगाव हिंडलो. एवढ्या काळात हे नाव मला कुणी सांगितलं नाही. निवृत्तीनंतर वाचलं तेव्हा त्या रात्री झोप लागली नाही.

सरकारी संबंधांचं थोडक्यात सांगतो. लॅटिन अमेरिकेतून स्वतंत्र भारताला पहिली मान्यता मेक्सिकोनं दिली, आणि १ ऑगस्ट १९५० पासून राजनैतिक संबंध सुरू झाले. १९६२ पासून कवी ओक्टाव्हियो पाझ दिल्लीत त्यांचे राजदूत होते. १९६८ मध्ये मेक्सिकोच्या सरकारनं तिथल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या म्हणून त्यांनी ते पद सोडलं.

माझ्या घरात मेक्सिको आला तो गव्हातून. आमचं गाव तापीकाठी, प्रकाशाजवळ. १९६७ च्या रब्बीत वडिलांना ग्रामसेवकानं 'लर्मा रोहो' या मेक्सिकन गव्हाच्या बियाण्याची एक पिशवी दिली. मी दहा वर्षांचा. आमचा जुना गहू माझ्या डोक्याच्या वर जायचा, आणि खत जरा जास्त झालं की आडवा पडायचा. हा कमरेएवढाच. शेजारी म्हणाले, याला कडबाच नाही तर ढोरं काय खातील? पण खत पचवून तो ताठ उभा राहिला, आणि खळ्यावर रास पडली तेव्हा वडील कितीतरी वेळ तिच्याकडे नुसते पाहत होते.

मेक्सिकोचाच गहू आपल्याकडे का रुजला, हे मी पुढे शिकलो. नॉर्मन बोरलॉग या अमेरिकन शेतीशास्त्रज्ञांनी तिथे वर्षाला दोन पिकं घेतली, एक सोनोराच्या उष्ण सपाटीवर आणि दुसरं तोलुकाच्या थंड डोंगरपठारावर. दोन्हीकडे टिकेल तेच बी पुढे न्यायचं. त्यामुळे दिवस लहान असो की मोठा, त्या गव्हाचं अडत नव्हतं. ठेंगणेपणा मूळचा जपानी 'नोरिन १०' या गव्हाचा. १९६६ मध्ये भारतानं मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणं आणलं. जानेवारी १९६७ मध्ये खानखोजे नागपूरला वारले. मेक्सिकोचा गहू भारतात आलेला पाहण्यापुरते ते जगले, याचं मला फार समाधान वाटतं.

पण पोळी लालसर व्हायची. आमची आजी तव्यापुढे बसून म्हणाली, "हाई लाल पोयी कोन खाई?" ही एकट्या आजीची तक्रार नव्हती, सगळ्या देशाची होती. आपल्या शास्त्रज्ञांनी ती मनावर घेतली. दिल्लीच्या संशोधन संस्थेत 'सोनोरा ६४' या मेक्सिकन वाणावर गॅमा किरणांचा प्रयोग करून पिवळसर दाण्याचा 'शरबती सोनोरा' काढला. मेक्सिकोहून आलेल्या वाणांतून निवड करून 'कल्याण सोना' आणि 'सोनालिका' तयार केले. आमच्या घरी कल्याण सोना आला आणि आजीची कुरकुर थांबली. बी परदेशातून आणता येतं, पण ते आपल्या तव्यावर बसवायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

प्रश्न : आम्ही जिला 'अमेरिकन' कपाशी म्हणतो ती खरंच अमेरिकेची का?
– एक शेतकरी, शिरपूर

उत्तर : दादा, ती अमेरिकेच्या शेतांतून आली म्हणून ते नाव पडलं. या जातीचं मूळ मात्र मेक्सिकोतच. आपली जुनी देशी कपाशी वेगळ्या जातीची. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, 'एच-४', १९७० मध्ये सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी काढला, तो याच मेक्सिकन कुळातला. सुरत तुमच्यापासून कितीशी लांब! बांधावर देशीचं एखादं झाड उरलं असेल तर दोन्ही फुलं शेजारी धरून पाहा. देशीचं बहुधा पिवळं, बुडाशी लाल डाग. अमेरिकनचं सकाळी सायीच्या रंगाचं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी.