इंदुरात मैदानाबाहेर विजेत्या संघातल्या खेळाडूंच्या नावांची १५ फुटी काँक्रीटची बॅट करायची आहे. काय चुकू शकतं?

इंदुरातच आहात, तर आधी नेहरू स्टेडियमपाशी जाऊन 'विजय बल्ला' ही काँक्रीटची बॅट नीट बघा. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या भारतीय संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोघांनाही त्यांच्या घरी हरवलं, त्याची ती आठवण.

माप नियमातूनच काढा. खरी बॅट जास्तीत जास्त ३८ इंच लांब आणि सव्वाचार इंच रुंद. म्हणजे १५ फुटाला पातं २० इंच रुंद येईल. दांडा मात्र या हिशेबात सहा-साडेसहा इंचच निघतो, आणि इथेच घोळ होतो. दोन्ही बाजूंना ४०-४० मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सोडलं की सळया आणि रिंगांना जागाच उरत नाही. मग गवंडी कव्हर खातो, सळई गंजून फुगते आणि दांडा उभा तडकतो. दांडा सरळ ९ इंचांचा करा. खालून बघताना तो तसाही बारीकच दिसतो.

पातं खाली, दांडा वर. उलटी उभी केलीत तर सगळं वजन आणि वारा बारक्या मानेवर येतो.

पाया काळ्या मातीत ठेवू नका. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बॅट कलते. मुरूम लागेपर्यंत खणा. वाऱ्याचा हिशेब आणि सळया स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. एम-२५ प्रतीचं काँक्रीट, सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला साधारण २२ लिटर पाणी. साचा अरुंद असल्यामुळे माल उतरेना की कारागीर पाणी ओततात. त्याऐवजी बारीक खडी आणि माल हलवून बसवणारी २५ मिलिमीटरची व्हायब्रेटर सुई वापरा. ओलं गोणपाट किमान १० दिवस.

बॅटच्या पायाशी फुलझाडांचं आळं करायची भारी हौस असते. करू नका. रोजच्या पाण्याने बुडखा आधी कुजतो. सहा इंचांचा, बाहेर उतरता ओटा पुरे.

नावं रंगवू नका, कोरा. पण १० मिलिमीटर खोल कोरलंत तर कव्हरही तेवढं कमी होतं, म्हणून त्या बाजूला कव्हर ५० मिलिमीटर ठेवा. देवनागरीची शिरोरेषा म्हणजे आडवी पन्हळच, पाणी आणि धूळ तिथेच साचते. खाचेची खालची कड बाहेर उतरती ठेवा. आणि नावांचा कागद मराठी माणसाकडून तपासून घ्या. आपल्याकडच्या हिंदी लिहिणाऱ्या कारागिराच्या हाती 'काळे'चं 'काले' आणि 'गावसकर'चं 'गावस्कर' सहज होतं, आणि काँक्रीटमध्ये खोडरबर चालत नाही.