व्हिकर्स चाचणीत नुसत्या खड्ड्यावरून धातूची ताकद कशी कळते?

व्हिकर्स ही कडकपणा मोजायची चाचणी: खड्डा जितका लहान, तितका धातूने कायमचा आकार बदलायला केलेला विरोध जास्त. 136 अंश कोनाचा हिऱ्याचा पिरॅमिड ठरावीक भाराने 10 ते 15 सेकंद दाबायचा, भार काढून खड्ड्याचे दोन्ही कर्ण मोजायचे आणि सरासरी घ्यायची. कडकपणा = 1.8544 × भार (किलोग्रॅम-बल) ÷ कर्णाचा वर्ग (मिमी). 10 किलो भाराला 0.30 मिमी कर्ण आला तर सुमारे 206. साध्या पोलादासाठी याला 3.2 ने गुणलं की ताणबळाचा (ओढल्यावर तुटण्याआधी धातू सोसतो तो कमाल ताण) अंदाज मिळतो, इथे साधारण 660 मेगापास्कल. हा अंदाजच, ॲल्युमिनियमला किंवा कोल्ड-वर्क केलेल्या (न तापवता लाटून-ठोकून आकार दिलेल्या) मालाला हा गुणक लावू नका.

खरी गडबड मोजणीत होते. कर्ण 0.29 वाचला तर उत्तर थेट 220! म्हणून पृष्ठभाग नीट पॉलिश हवा. पोलादात दोन खड्ड्यांच्या केंद्रांत किमान तीन कर्णांचं अंतर ठेवा, नाहीतर आधीच्या खड्ड्याभोवती कडक झालेला भाग आकडा वाढवतो. नमुन्याची जाडी कर्णाच्या दीडपट तरी हवी.

लवचिकता गुणांक (भार काढल्यावर परत येणाऱ्या आकारबदलाला धातू किती विरोध करतो ते) मात्र या खड्ड्यातून मिळत नाही. त्यासाठी नॅनोइंडेंटेशन, म्हणजे अतिसूक्ष्म खड्डा पाडताना भार आणि खोली सतत नोंदवणारी चाचणी: भार काढताना भार-खोली आलेखाच्या सुरुवातीच्या उतारावरून तो काढतात.