क्रोम प्लेटिंगच्या रेक्टिफायरमध्ये एकच एससीआर पुन्हा पुन्हा का उडतो?

तुम्ही लिहिलंय की सेट (एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर) १२ व्होल्ट, १२०० ॲम्पिअरचा डबल स्टार आहे, म्हणजे त्यात सहा एससीआर (गेटला इशारा मिळाला की करंट सोडणारे स्विच) आहेत, हार्ड क्रोमचे जॉब करडे निघतायत, मीटरवर ॲम्पिअर मात्र पूर्ण दिसतात, आणि नवा एससीआर पंधरा दिवसांत परत उडाला. तिसरा एवढ्यात टाकू नका. आधी तो का मरतोय ते शोधा.

ॲम्पिअर मीटर सरासरी दाखवतो. सहातला एक एससीआर बंद पडला की कंट्रोल कार्ड बाकीच्या पाचांना जास्त उघडतं आणि काटा होता तिथेच राहतो. टाकीत मात्र करंट दर सायकलला खाली कोसळतो, आणि क्रोमला हे अजिबात सोसत नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुट बसबारवर लावा. सेट पूर्ण उघडलेला असताना निरोगी सहा-पल्सचा रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) ४.२ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे १० व्होल्टला ०.४. (तुम्ही रोज ५ व्होल्टवर चालवत असाल तर काही बिघाड नसतानाही रिपल बराच जास्त येईल. मग तो कमी करायला चोक (कॉइल) लागेल.)

मग डीसी क्लॅम्प मीटरने सहाही पायांचा, म्हणजे प्रत्येक एससीआरच्या शाखेचा, करंट मोजा. १२०० ॲम्पिअरला प्रत्येकी २०० हवेत. एखादा शून्य असेल तर त्याच्या गेटची वायर आणि लग (वायरच्या टोकाचा जोड) बघा. क्रोमच्या वाफेनं लग आतून खाल्लेला असतो, वरून मात्र धड दिसतो.

माझा खरा संशय एससीआरला हीटसिंकवर दाबून धरणाऱ्या क्लॅम्पवर आहे. भोसरीतल्या एका शॉपमध्ये मला हेच सापडलं होतं. उडालेला पक (चकतीच्या आकाराचा एससीआर) काढला, तर तांब्याच्या तोंडावर एका कडेला चंद्रकोरीएवढाच डाग आणि बाकीचा पृष्ठभाग कोरा. एक बोल्ट आधी पूर्ण आवळून मग दुसरा आवळला होता. पक तिरका बसला, सगळा करंट त्या कोरीतून गेला आणि तेवढाच भाग जळला. दोन्ही बोल्ट आळीपाळीनं, पाव-पाव फेरा आवळायचे, आणि क्लॅम्पच्या गेजवर सांगितलेला दाब आला की थांबायचं. हीटसिंकचं तोंड सपाट हवं, उष्णता वाहून नेणारं कंपाउंड अगदी पातळ. आणि सुटा काढलेला पक मीटरवर तपासून निकाल देऊ नका, दाबाशिवाय त्याचं रीडिंग भरवशाचं नसतं.

फ्यूज सेमीकंडक्टरचाच लावा. साधा एचआरसी फ्यूज वितळेपर्यंत एससीआर गेलेला असतो. बसबारचे जोडही मोजा: १२०० ॲम्पिअरला एका जोडावर १०० मिलिव्होल्ट पडत असतील तर तिथे १२० वॉट उष्णता होतेय.

सेट उघडण्याआधी आयसोलेटर (मेन स्विच) पाडून कुलूप लावा, तिन्ही फेज मीटरने शून्य आहेत याची खात्री करा आणि टाकीचा बसबारही सोडवा. बंद सेटवरही टाकी थोडे व्होल्ट परत देते आणि ओहमचं रीडिंग फसवं येतं.

सहाही पायांचे आकडे आणि जळालेल्या पकच्या तोंडाचा फोटो इथे टाका, मी बघतो.