तुमचे प्रश्न : परदेशी जाणाऱ्याच्या बॅगेत काय भरायचं?

प्रश्न : ताई, माझा मुलगा सप्टेंबरात जर्मनीला, आखेनला एमएस करायला चाललाय, दोन वर्षांसाठी. २३ किलोची एकच बॅग फ्री आहे. मी ज्वारीच्या पिठापासून मसाल्यांपर्यंत सगळं काढून ठेवलंय, घरचं तूप आणि डिंकाचे लाडूही द्यायचेत. मिस्टर म्हणतात तिकडे सगळं मिळतं, कशाला ओझं. मुलाला स्वयंपाक म्हणजे चहा आणि मॅगी एवढंच येतं. काय देऊ, काय नको?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमचे मिस्टर म्हणतात ते अर्धं खरं आहे. तांदूळ, डाळ, पीठ, साखर हे सगळं तिकडे मिळतं, आखेनसारख्या गावात टर्किश दुकानं असतातच आणि तिथे मसूर, छोले, कोथिंबीर, वांगी, भेंडी, चांगलं घट्ट दही सगळं मिळतं, त्यामुळे जे जड आहे ते बॅगेत नकोच. बॅगेत जायला हवी ती चव. तुमच्या घरचा कांदा-लसूण मसाला जगात कुठल्याच दुकानात मिळत नाही हो, तो किलोभर द्या आणि त्यासाठी पीठ खुशाल काढा बाहेर.

पण आधी तुपाचं बोलू, कारण त्यातच जास्त जण अडकतात. युरोपियन युनियनच्या नियमानं बाहेरच्या देशातून स्वतःच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, घरचं तूप, खवा, पेढे, पनीर सगळं त्यात आलं. लहान बाळाच्या दूध पावडरीला वगैरे सूट असते, पण ती तुमच्या कामाची नाही. तूप नाही म्हणून जीव खाली-वर करू नका, तिकडे बिनमिठाचं लोणी प्रत्येक सुपरमार्केटात २५० ग्रॅमच्या पाकिटात मिळतं, ते मंद आचेवर कढवलं की झालं तूप. मुलाला आत्ताच एकदा शेजारी उभं करून शिकवा, बेरी तांबूस झाली की गॅस बंद, एवढंच तर आहे. डिंकाच्या लाडवांऐवजी शेंगदाणा-गुळाचे लाडू द्या, बिनतुपाचे होतात आणि चांगले टिकतात. श्रीखंड खावंसं वाटलं तर तिकडे क्वार्क नावाचा प्रकार मिळतो तो जवळजवळ आपला चक्काच, साखर-वेलची घालायची की झालं.

ताजी फळं, भाज्या, पाला हेही नको. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन सोडले तर बाकी सगळ्याला रोग-कीड नसल्याचं सरकारी फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, म्हणजे कढीपत्त्याची जुडी आणि हिरव्या मिरच्या घरीच. कढीपत्त्याची मात्र कुरकुरीत भाजून तीळ-लसूण घालून चटणी करून द्या. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत अजिबात घालू नका, त्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून आपल्याकडे २०२२ पासून त्यावर बंदी आहे. विमान दुबई किंवा अबुधाबीवरून असेल तर खसखस पण नको, तिकडे ती अमली पदार्थात मोडते.

यावरून मसाल्याचं सांगते. गोडा मसाला करताना तीळ-खोबरं न घालता नुसते धणे, दगडफूल, नागकेशर, लवंग, दालचिनी, तमालपत्र असं भाजून दळा, कारण मसाला खवट होतो तो बहुतेक तीळ-खोबऱ्याच्या तेलानं. खोबऱ्याचा कीस आणि तीळ तिकडे सुपरमार्केटात मिळतात, त्यानं थोडं थोडं भाजून मिसळावं. कांदा-लसूण मसाला मात्र नेहमीसारखाच करा, फक्त कांदा अगदी कोरडा होईपर्यंत परता आणि छोट्या छोट्या पिशव्या करून द्या म्हणजे एक उघडली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही.

मेटकूट तर हवंच. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, आणि परीक्षेच्या दिवसात शनिवारी सामान आणायचं राहिलं की घरात तांदूळ आणि मेटकूट असलं म्हणजे पोरगं उपाशी झोपत नाही. मऊ भातासाठी बासमती नको, तिथे खिरीसाठी आखूड तांदूळ मिळतो तो घ्यायला सांगा, छान गिचका होतो. थालीपिठाची भाजणी द्या, भाजलेली असल्यानं टिकते. ज्वारीचं पीठ मात्र राहू द्या, महिना-दोन महिन्यात त्याची विरी जाते आणि नवशिक्याच्या हातात भाकरी तुटते, मग मुलगा चिडेल आणि पीठ पडून राहील. कोकम, चिंच, हिंग, हळद, भाजलेल्या दाण्याचं कूट, सांडगी मिरची, आणि सांगलीचे बेदाणे. भडंग पहिल्या आठवड्यापुरतं, त्याला जागा फार लागते. लोणचं काचेच्या बरणीत नाही, जाड प्लास्टिकच्या डब्यात, झाकणाखाली प्लास्टिक लावून, वर दोन पिशव्या.

छोटा कुकर द्या, आत मसाल्याच्या पिशव्या भरल्या की त्याची जागाही वाया जात नाही. गॅस्केट दोन जास्तीच्या द्या, तिकडे मिळायला त्रास. तिथे बहुतेक विजेची शेगडी असते, ती उशिरा तापते आणि बंद केल्यावरही गरम राहते, हे त्याला सांगून ठेवा. हॉस्टेलच्या खोलीत स्मोक डिटेक्टर असतो, फोडणी करताना खिडकी उघडी हवी.

आणि ताई, सप्टेंबरपर्यंत रोज संध्याकाळी त्याला ओट्यापाशी उभं करा. वरण-भात, एक उसळ, एक फळभाजी, पोहे. फोडणी त्याच्या हातानं घालू द्या, करपली तर करपू द्या. हे आलं नाही तर किलोभर मसाला कपाटात पडून राहतो, असं फार घरांतून ऐकते मी. पोळ्या नंतर शिकेल, त्याची घाई नको.

प्रश्न : सासू-सासरे सहा महिने न्यू जर्सीला दिरांकडे जातायत. आंबेमोहोर तांदूळ आणि थोडे हापूस द्यायचा विचार आहे. चालेल का?
– एक सून, पुणे

उत्तर : नाही चालणार. खाप्रा नावाच्या किड्याच्या भीतीनं अमेरिका भारतातून सामानात तांदूळ येऊ देत नाही, पाकीटबंद असला तरी. बॅगेतून ताजा आंबाही चालत नाही, कढीपत्ताही नाही. २००७ पासून आपला आंबा तिकडे जातो तो किडी मारण्यासाठी विकिरण प्रक्रिया करून, व्यापाऱ्यांमार्फत, तेव्हा दिरांना तिथेच घ्यायला सांगा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर तर आपल्याकडच्या वस्तूंची दुकानंच दुकानं आहेत. सासूबाईंसोबत मसाले, चटण्या, उपासाची भाजणी द्या आणि प्रत्येक पुड्यावर इंग्रजीत नाव लिहून चिकटवा. उतरल्यावर खायचं सामान आहे का असं विचारलं की सरळ हो म्हणायचं, बॅग उघडून दाखवायची. सांगितलेलं असेल तर फार तर ती वस्तू काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर दंड बसतो. हे दोघांनाही नीट समजावून सांगा, कारण घाबरून नाही म्हणून टाकणारे पुष्कळ असतात.