विद्युतक्षेत्र आणि पेशीपटल : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात भौतिकशास्त्र शिकते. पेशीपटलावर विद्युतक्षेत्राचा नेमका काय परिणाम होतो, आणि त्यात शोधण्याजोगे अजून काही उरले आहे का? (विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचे मेदाच्या दुहेरी थराचे आवरण. ते जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीचे असते आणि चेतापेशीत त्याच्या दोन बाजूंमध्ये सुमारे 70 मिलिव्होल्टचा फरक असतो. भागाकार करून पाहा : दर मीटरला 1 कोटी 40 लाख व्होल्ट! हवेत ठिणगी पडायला सुमारे 30 लाख पुरतात. बाहेरून क्षेत्र लावून पटलावरचा हा फरक 1 व्होल्टच्या आसपास नेला, की या दुहेरी थरात पाणी शिरते आणि सूक्ष्म छिद्रे पडतात. यालाच इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. गोल पेशीवर पडणारा जास्तीत जास्त वाढीव फरक म्हणजे क्षेत्र, त्रिज्या आणि 1.5 यांचा गुणाकार. म्हणूनच मोठ्या प्राणिपेशीला सेंटीमीटरला हजारभर व्होल्ट पुरतात, तर इवल्याशा ई. कोलाय जिवाणूला 15 ते 18 हजार लागतात.

प्रयोगात पेशींचा द्राव ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांमधील एक-दोन मिलिमीटरच्या फटीत भरतात. जिवाणू आधी थंडगार पाण्याने वारंवार धुवावे लागतात, कारण द्रावात क्षार उरले तर विजेचा स्पंद (क्षणभराचा झटका) देताच फट् असा आवाज होऊन ठिणगी उडते आणि नमुना वाया जातो.

शोधायचे पुष्कळ उरले आहे. छिद्रे मायक्रोसेकंदांत पडतात, परंतु पटल पूर्ववत व्हायला कित्येकदा मिनिटे लागतात. निव्वळ मेदथरातील छिद्रे मात्र याहून फार लवकर बुजायला हवीत. मेदाचे ऑक्सिडीकरण आणि पटलातील प्रथिनांची हानी ही कारणे पुढे आली आहेत, तरी चित्र पुरते स्पष्ट नाही. माझ्या मते विषयाचा गाभा इथेच आहे, आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने याच प्रश्नाला हात घालावा.

प्रश्न : मुलीला हेच संशोधन करायचे आहे. आमचा यंत्रमागाचा धंदा. एवढी वर्षे शिकून पुढे काय? (पालक, सोलापूर)

उत्तर : एम.एस्सी.नंतर नेट किंवा गेट या राष्ट्रीय परीक्षांमार्फत पुण्याची आयसर ही विज्ञान संशोधन संस्था, तिथलेच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र किंवा मुंबईची आयआयटी अशा संस्थांत पीएच.डी.चा प्रयत्न करता येईल. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती जानेवारी 2023 पासून दरमहा 37 हजार रुपये असून पीएच.डी.ला साधारण पाच-सहा वर्षे लागतात. फळ उशिरा मिळते, हे आधीच समजून घ्यावे. एबरहार्ड नॉयमन आणि कर्ट रोझेनहेक यांनी विजेच्या स्पंदांनी पटलाची पारगम्यता बदलते हे 1972 मध्ये दाखवले. नॉयमन व सहकाऱ्यांनी याच मार्गाने उंदराच्या पेशींत जनुक घातले ते 1982 मध्ये. त्यावेळी बाजारपेठ कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. आज सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरील जनुक-संपादन उपचारात रुग्णाच्या मूळपेशींत डीएनए कापणाऱ्या कात्रीचे काम करणारे प्रथिन याच पद्धतीने सोडतात; अमेरिकेने त्याला डिसेंबर 2023 मध्ये मान्यता दिली. औषधनिर्मितीतही हे कौशल्य लागते. मुलीला चिकाटी असेल तर तिला अडवू नका, एवढेच आग्रहाने सांगतो.

प्रश्न : विजेने कर्करोग बरा होतो, असे कानावर आले आहे. खरे काय? (वाचक, बार्शी)

उत्तर : ब्लिओमायसिन हे कर्करोगावरील औषध एरवी पेशीत फारसे शिरत नाही. गाठीवर 100 मायक्रोसेकंदांचे आठ स्पंद दिले, की हे औषध आत जाऊन डीएनए तोडते. फ्रान्समध्ये लुई मीर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत उभी केली. युरोपात ती प्रामुख्याने त्वचेतील आणि त्वचेखालील गाठींसाठी वापरतात. गाठ नष्ट करण्याचे काम औषध करते, वीज त्याला वाट करून देते. त्यामुळे नुसत्या विजेच्या पट्ट्याने कर्करोग घालवण्याचा दावा करणाऱ्यांकडे जाऊ नये, कर्करोगतज्ज्ञांनाच विचारावे.

प्रश्न : आमच्या डाळिंबाच्या बागेवरून उच्चदाबाच्या तारा गेल्या आहेत. काम करणाऱ्यांच्या पेशींना अशीच छिद्रे पडतील का? (शेतकरी, सांगोला तालुका)

उत्तर : नाही. तारांखाली हवेत मीटरला काही हजार व्होल्टचे क्षेत्र असते, परंतु शरीर विद्युतवाहक असल्यामुळे आत पोहोचते ते मीटरला मिलिव्होल्टांच्या घरात. छिद्रे पाडायला लागणाऱ्या क्षेत्राहून लाखो पटींनी कमी. खरा धोका तारांच्या जवळ जाण्याचा आहे. ठिबकचे किंवा बोअरचे लोखंडी पाइप तारांखाली उभे करू नयेत, ते आडवेच न्यावेत, आणि फवारणीची लांब नळी वर उचलू नये.