"पाच धावा? द्या की!"

तुमचा प्रश्न असा आहे: व्यावसायिक लीगमध्ये चेंडू, बॅट, ग्लोव्ह असल्या साहित्यात फेरफार करून फसवणाऱ्याला शिक्षा काय असावी, आणि सरळ आजन्म बंदीच का घालू नये?

माझं मत आधीच सांगून टाकतो. आजन्म बंदी सरसकट नको आणि नुसता दंड तर अजिबात नको. ज्यानं लबाडी केली त्याची जागा पुढचे काही सामने रिकामी ठेवायला लावा. संघ दहा जणांत खेळू दे.

मी कोल्हापुरात वीसेक वर्षं स्थानिक लेदर बॉल स्पर्धांत पंच म्हणून उभा राहतोय. पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे, हे आपलं वेड. एका स्पर्धेत पंधराव्या षटकात चेंडू हातात घेतला तर एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी मांजरानं ओरबाडल्यासारखी. मिडऑफच्या पोराला खिसा उलटा करायला लावला, तर सोडा बाटलीचं पत्र्याचं झाकण निघालं. नियमाप्रमाणं चेंडू बदलला आणि समोरच्या संघाला पाच धावा दिल्या. त्या पोराचा कर्णधार हसत म्हणाला, "पाच धावा? द्या की साहेब! त्या चेंडूवर तीन विकेटी काढल्यात आमी." हिशेबात तो चुकला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

पुढच्या वर्षी आयोजकांच्या बैठकीत मी हट्ट धरला: साहित्यात फेरफार सापडला तर तो खेळाडू पुढच्या दोन सामन्यांत नाही, आणि त्याच्या जागी दुसराही नाही. कटकट झाली, एकजण उठून गेला, पण नियम झाला.

नंतर कळलं की अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये नेमकं हेच करतात. तिथं पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, बोटांना चिकट पदार्थ लावून चेंडूला जादा फिरकी द्यायचे. 2021 च्या जूनपासून पंच सामना चालू असतानाच त्यांचे हात, टोपी, पट्टा तपासायला लागले. सापडला की दहा सामन्यांची बंदी, आणि त्या काळात संघाला त्याच्या जागी बदली माणूस घेता येत नाही. मॅक्स शेरझरसारखा दिग्गज 2023 मध्ये यात अडकला. हा घाम आणि रोझिन (पकडीसाठी हाताला लावायची राळेची पूड) आहे, असं तो सांगत राहिला. रोझिनची पिशवी मैदानावर ठेवलेलीच असते, तिला परवानगी आहे. पण पंचांना हात जास्तच चिकट लागले आणि बंदी झाली. गंमत अशी की या बंदीत खेळाडूचा पगार कापत नाहीत. तरी संघाला ती झोंबते, कारण सहकाऱ्यांना एक माणूस कमी घेऊन दिवस काढावे लागतात. ड्रेसिंग रूममध्ये त्याच्याकडं कोण कसं बघत असेल, याची कल्पना करा.

आता आपलं क्रिकेट बघा. मार्च 2018, केप टाऊन. ऑस्ट्रेलियाच्या बॅनक्रॉफ्टनं पॉलिश पेपरनं चेंडू घासला, कॅमेऱ्यात दिसल्यावर तो कागद पँटमध्ये कोंबला आणि पत्रकारांसमोर तो नुसता चिकटपट्टीचा तुकडा होता असं सांगितलं. आयसीसीची शिक्षा काय? कर्णधार स्मिथला एका कसोटीची बंदी आणि पूर्ण मानधनाचा दंड, बॅनक्रॉफ्टला 75 टक्के मानधनाचा दंड. मग ऑस्ट्रेलियात एवढा गहजब झाला की त्यांच्याच बोर्डानं स्मिथ आणि वॉर्नरला बारा महिने आणि बॅनक्रॉफ्टला नऊ महिने घरी बसवलं. त्या वर्षीची आयपीएलही गेली. एकाच गुन्ह्याला एकीकडं एक सामना, दुसरीकडं वर्ष! एवढी तफावत आली की समजावं, शिक्षा नियमानं नाही, लोकांच्या रागानं ठरलेली आहे. त्याच जुलैत आयसीसीनं हा गुन्हा वरच्या श्रेणीत टाकून शिक्षेची कमाल मर्यादा सहा कसोटींपर्यंत नेली. बरं केलं, पण बंदी झालेल्याच्या जागी दुसरा खेळतोच.

आयपीएलमध्ये दहा जणांत खेळवा म्हटलं तर मालक आणि चॅनेलवाले अंगावर येतील, हे मलाही कळतं. मग सुरुवात इम्पॅक्ट प्लेअरपासून, म्हणजे सामना चालू असताना बदली म्हणून उतरवता येणाऱ्या खेळाडूपासून करा. ज्या संघाचा माणूस सापडला त्याला पुढचे चार सामने इम्पॅक्ट प्लेअर नाही. परदेशी खेळाडू सापडला तर चारऐवजी तीनच परदेशी. लाखांच्या दंडाला कोट्यधीश माणूस भीत नसतो, पण 180 चा पाठलाग करताना एक फलंदाज कमी असेल तर कोचलाही घाम फुटतो.

दुसरी गोष्ट मोजमापाची. आधी मोजलं नाही, तर नंतर काहीही सिद्ध होत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूतली हवा 12.5 ते 13.5 पीएसआय (दाब मोजायचं एकक) असावी लागते. जानेवारी 2015 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रिअट्स या संघाचे चेंडू मध्यंतरात कमी हवेचे निघाले. पण रेफ्रीकडं दोन मोजयंत्रं होती, दोन्ही वेगळे आकडे दाखवायची, आणि सामन्याआधी कुठलं वापरलं हेच पक्कं नव्हतं. त्यात थंडीनं हवेचा दाब आपोआप उतरतो. चौकशी अहवालाचा सूर काय, तर हे घडलं असण्याची शक्यता जास्त. तेवढ्यावर त्यांचा स्टार खेळाडू टॉम ब्रॅडीला चार सामने बंदी, संघाला दहा लाख डॉलर दंड आणि नवे खेळाडू निवडण्याचे दोन हक्क रद्द. प्रकरण कोर्टात गेलं, एका कोर्टानं बंदी उठवली, वरच्यानं परत लावली, आणि ती भोगायला 2016 चा हंगाम उजाडला. आमच्याकडं चेंडूत हवा बघायला अंगठा पुरतो, पण आम्ही कुणावर दहा लाख डॉलरचा दंडही बसवत नाही.

बॅटचं बघा, कसं सोपं झालंय. रुंदी 10.8 सेंटीमीटर, जाडी 6.7, कड 4, आणि मापाचा साचा. 2025 च्या आयपीएलमध्ये पंच मैदानातच बॅट साच्यातून घालून बघायला लागले. बसली तर खेळ, नाही बसली तर दुसरी आण. वाद संपला. साहित्य ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. 2003 मध्ये बेसबॉलमधल्या सॅमी सोसाची बॅट मोडली आणि आत बूच भरलेलं दिसलं. चुकून सरावाची बॅट उचलली, असं तो म्हणाला. त्याच्या बाकीच्या 76 बॅटींचे एक्सरे काढले, सगळ्या साफ. तरी सात सामने बंदी झालीच, आणि मला ती पटते. हेतू शोधत बसलं तर प्रत्येकाचा हेतू गंगेसारखा निर्मळ निघतो.

मात्र निष्काळजीपणा आणि लबाडी एकाच तराजूत घालू नका. 2001 मध्ये पोर्ट एलिझाबेथला सचिननं पंचांना न विचारता शिवणीतली माती काढली. माती काढायला हरकत नसते, ती पंचांसमोर काढायची असते. मॅच रेफ्री माइक डेनेसनं त्याला एका सामन्याची निलंबित (लगेच लागू न होणारी) बंदी दिली आणि देश पेटला. मीही तेव्हा चौकात उभं राहून डेनेसला शिव्या घातल्यात. पंच झाल्यावर वाटायला लागलं की ताकीद योग्य होती, 'टॅम्परिंग' हा डाग चुकीचा. द्रविडची 2004 ची खोकल्याच्या गोळीची भानगडही त्यातलीच. ब्रिस्बेनला गोळी चेंडूवर घासली गेली, निम्मं मानधन गेलं. ठीक.

आजन्म बंदी मी एकाच जागी मान्य करतो: फेरफारानं समोरच्याच्या शरीराला इजा होत असेल तिथं. 1983 मध्ये न्यूयॉर्कला लुईस रेस्टो या बॉक्सरच्या ग्लोव्हमधली गादी काढून टाकली होती. समोरच्या बिली कॉलिन्सचे डोळे सुजून बंद झाले, दृष्टी अधू झाली, कारकीर्द तिथंच संपली. रेस्टोचा परवाना निलंबित झाला, तुरुंगही झाला, आणि तो परत कधी लढला नाही. त्याचा प्रशिक्षक पनामा लुईस, त्याला कायमची बंदी आणि तोही तुरुंगात. तिथं मी एक दिवसही कमी करणार नाही.

प्रशिक्षकाला धरलं, हे मला फार आवडतं. तालमीत वाढलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही. लहानपणी एका जत्रेच्या मैदानात बघितलंय: एक पैलवान खांद्याला तेल लावून उतरला, पकड लागेना. पंचानं कुस्ती थांबवली, त्याला टॉवेलनं पुसलं, मूठभर लाल माती चोळली आणि दम भरला तो कडेला बसलेल्या वस्तादाला. वस्ताद मान खाली घालून उठला आणि निघून गेला. पठ्ठा वस्तादाशिवाय लढला आणि पडला. क्रिकेटमध्ये मात्र चेंडू घासणारा पोरगा सापडतो, आणि घासायला शिकवणारा पुढच्या हंगामात दुसऱ्या संघात कोच असतो.

निकाल नंतर फिरवायचा का? नको. 2006 च्या ओव्हल कसोटीत चेंडूत फेरफार केल्याचा ठपका आल्यावर पाकिस्तान मैदानात परतायला तयार झाला नाही, सामना इंग्लंडला दिला. 2008 मध्ये आयसीसीनं तो अनिर्णित केला, 2009 मध्ये परत इंग्लंडला. स्कोअरबुकाची पार चेष्टा झाली. आणि शाहू स्टेडियमवरचा पेठांचा फुटबॉल सामना संपल्यावर रात्री निकाल फिरवला तर काय होईल, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.

तो हसणारा कर्णधार दोन वर्षांनी परत आमच्या स्पर्धेत आला होता. त्याच्या संघातल्या एकाच्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा सापडला, कर्णधारालाही माहीत नव्हता म्हणे. पुढचा सामना ते दहा जणांत खेळले. थर्डमॅनला माणूस नव्हता, आणि तिकडं गेलेला प्रत्येक चेंडू आणायला हा स्लिपमधून पळत होता. षटक संपल्यावर धापा टाकत माझ्याजवळून जाताना म्हणाला, "साहेब, त्या पाच धावाच बऱ्या हुत्या."